शक्य असेल तेथे

८ जानेवारी

दादा,

सुरुवातीला 'प्रिय' राहून गेलेलं नाही. मी ते लिहिलेलंच नाही. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू गाडी पाठवलीस, ड्रायव्हर पाठवलास, फळांच्या करंड्या पाठवल्यास आणि स्वतः आला नाहीस. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते नीट पाळलंही. आजचं पत्र बहिणीचं नाही. एका सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डाची प्रमुख डॉक्टर, बालकांच्या आरोग्याचं राष्ट्रीय धोरण लिहिणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना लिहिते आहे. ते अध्यक्ष माझे सख्खे भाऊ निघाले, याला माझा इलाज नाही.

तुमचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला, तो मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. लसी, आहार, शाळेतली तपासणी, पिण्याचं पाणी, मुलांच्या मनाचं आरोग्य. भाषा तुझी नेहमीची, इस्त्री केलेली. पण काम बरं झालंय, ते मी नाकारत नाही. मग रुग्णालयांच्या प्रकरणाशी आले. मागच्या वर्षी तज्ज्ञांच्या गटानं कलम दिलं होतं: दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला आपल्या आईचा, वडिलांचा किंवा जवळच्या माणसाचा सहवास दिवसरात्र मिळण्याचा हक्क आहे. त्या गटात मी होते, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या मसुद्यात ते असं उतरलंय: 'शक्य असेल तेथे रुग्णालयांनी पालकांच्या भेटीस प्रोत्साहन द्यावे.'

सहवासाची भेट झाली, हक्काचं प्रोत्साहन झालं आणि वर 'शक्य असेल तेथे'. आमच्याकडे काय काय शक्य नसतं ते तुला सांगते.

वॉर्डात पाच वर्षांची एक मुलगी आहे. मूत्रपिंडाचा आजार, अंगाला सूज, बरेच दिवस राहावं लागणार. बाप फरशी बसवायची कामं करतो, आई शिलाईच्या कारखान्यात जाते. आमच्याकडे पालकांना फक्त संध्याकाळी, भेटीच्या वेळेत आत सोडतात. कारण विचारलं की संसर्ग. परवा सकाळी राउंडला गेले तर तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी कॉटच्या दांड्यांना बांधलेले होते. सलाईन उपटते म्हणून. बांधणारी सिस्टर वाईट बाई नाही. वॉर्डभर मुलांमागे ती आणि एक आया. मला म्हणाली, "मॅडम, परत परत सुई काढते. आता शीर कुठून आणू?" 

मुलगी रडत नव्हती. रडणाऱ्या मुलाला मी घाबरत नाही, जन्मभर तेच ऐकत आलेय. ही छताकडे बघत होती. मी गालाला हात लावला तर डोळे माझ्याकडे आले, मी तिची आई नाही हे बघितलं आणि परत गेले.

आई खाली जिन्यात होती. कामाला खाडा करून संध्याकाळ होण्याची वाट बघत बसली होती. मी तिला वर आणलं, पट्ट्या सोडल्या, कॉटला लागून स्टूल ठेवलं. नवी सुई टोचताना मुलीनं आईचं बोट कचकचून चावलं, पण सुईला हात लावला नाही.

आमच्या अधीक्षकांना अख्खा वॉर्ड 'शांतता राखा' म्हणतो, कारण इथे आल्यापासून त्यांनी पाट्यांखेरीज काही लावलेलं नाही. ते संध्याकाळी आले. भेटीची वेळ संपल्यावरही एक बाई वॉर्डात बसलेली त्यांना दिसली. मी मुद्दा मांडला तर हसून म्हणाले, "डॉक्टर, राष्ट्रीय धोरणातसुद्धा 'शक्य असेल तेथे' आहे. इथे शक्य नाही." आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला.

बघ, अजून धोरण झालंही नाही आणि तुझ्या शब्दांनी कामाला सुरुवात केली. ते शब्द काढ.

तुझी कागदोपत्री बहीण


२९ जानेवारी

अध्यक्ष महोदय,

आपल्या कक्ष अधिकाऱ्यांचं पत्र पोचलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' खाली सही आहे, तीसुद्धा त्यांची. सख्ख्या बहिणीच्या तोंडाला पानं पुसायची तर निदान स्वतःच्या हातानं पुसावीत.

रविवारी तू नेहमीप्रमाणे आईला फोन केलास. गुडघे कसे आहेत, हवा कशी आहे, नातू काय म्हणतो. मी तिच्या हातून फोन घेतला. तो मी हिसकावला असं तू वहिनीला सांगितलंस म्हणे. घेतला.

पुढे जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते, कारण तू नंतर 'कौटुंबिक मतभेद' असं काहीतरी म्हणशील. तू मला समजावलंस की प्रत्येक कॉटमागे एक मोठं माणूस म्हणजे वॉर्डात दुप्पट गर्दी. त्यांना झोपायला जागा नाही, संडास पुरे पडत नाहीत, साथ आली तर आवरणार कोण. आणि एकदा 'हक्क' लिहिलं की उद्या प्रत्येक रुग्णालय कोर्टात उभं. जे देता येत नाही ते हक्क म्हणून लिहायचं नाही, ही म्हणे तुझी शिस्त. यातला एकही मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. मूर्ख माणसाला माफ करता येतं.

मी म्हणाले, आधी हक्क लिही, मग संडास बांधायला भाग पाडता येईल. संडास बांधून झाल्यावर हक्क देऊ म्हणणाऱ्यानं दोन्ही द्यायचं नाही असं ठरवलेलं असतं.

तिथे तुझा आवाज बदलला. "मी सहा वर्षांचा होतो," तू म्हणालास. "मांडीच्या हाडात पू झाला होता. सात महिने त्या वॉर्डात एकटा होतो. मला काय झालं? शिकलो, नोकरी केली, संसार केला. काही बिघडलं माझं?"

बिघडलं नाही असं कोण म्हणतं, असं मी म्हणाले. मला ते म्हणायचंच होतं.

मग तू जे बोललास ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. "आई येऊ शकत नव्हती, कारण घरी तू होतीस. तान्ही. तुला घेऊन वॉर्डात सोडत नव्हते आणि तुला ठेवायला कुणी नव्हतं. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललो?"

म्हणजे इतकी वर्षं हे पोटात होतं तर. माझ्या जन्माची तक्रार तू आजवर केली नाहीस, हा तुझा मोठेपणा. अजून काही उपकार राहिले असतील तर तेही एकदा सांगून टाक.

आई शेजारीच उभी होती. फोनमधला तुझा आवाज तिला ऐकू येत होता. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मग ओट्यापाशी जाऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली. मी विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, "झालं गेलं. तू तुझं जेवून घे."

मी


१९ फेब्रुवारी

दादा,

तुला आनंद होईल अशी बातमी आहे. माझा खुलासा असमाधानकारक ठरला. मला वॉर्डातून काढून खालच्या मजल्यावर, बाहेरच्या रुग्णांच्या तपासणीला बसवलंय. सर्दी, खोकला, जंत. वर माझ्या जागी एक तरुण डॉक्टर आलाय. हुशार आहे, नम्र आहे, आणि वरून आलेल्या प्रत्येक शब्दाला 'हो सर' म्हणतो. तुझ्या हाताखाली शोभला असता.

हे तू केलंस असा माझा आरोप नाही. एवढं बारीक काम तू करत नाहीस. तू वर बसून एक वाक्य सैल करतोस आणि खाली जो तो आपल्या सोयीनं ते ओढून घेतो.

त्या मुलीच्या आईला पुन्हा जिन्यात बसवलंय. ती मला काल भेटली. माझ्यावर चिडली होती. मला वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल, निदान हात जोडून काही बोलेल. ती म्हणाली, "तुम्ही आत घेतलं नसतं तर बरं झालं असतं. आधी ती गप पडून होती. आता तिला माहीत झालंय की मी शेजारी बसू शकते. संध्याकाळी उठून निघाले की ती विचारते, आज का नाही थांबत? मी काय सांगू? डॉक्टरीणबाईंचं भांडण झालं म्हणून?"

  हे लिहितेय, कारण मेहेरबानी म्हणून दिलेली गोष्ट काढून घेतली की काय होतं ते तुझ्या समितीलाही कळावं. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक एवढाच असतो.

पुढच्या महिन्यात तुमची जाहीर सुनावणी आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव दिलंय. यादीतून गाळायचं असेल तर खुशाल गाळ, मी दारात उभी राहून बोलेन. आई म्हणते, भावाला चारचौघांत काही बोलू नकोस. मी तिला म्हटलं, मी अध्यक्षांशी बोलणार आहे. ती म्हणाली, "माझ्या दृष्टीनं तो अध्यक्ष नाही."

तयारी करून ये.


५ मार्च

दादा,

तू काल तिथेच होतास, तरी लिहिते. इतिवृत्तात काय लिहिलं जाईल याचा मला भरवसा नाही.

सभागृह थंडगार, खुर्च्या मऊ, मंचावर पाण्याच्या बाटल्या आणि तुमची पाच माणसं. तू मधल्या खुर्चीत. माझं नाव पुकारलं तेव्हा तू मान वर केली नाहीस. 'पुढील वक्त्या, बालरोगतज्ज्ञ' एवढंच म्हणालास, जणू मला पहिल्यांदाच बघत होतास.

मी आधी त्या बांधलेल्या हातांबद्दल बोलले. तुझ्या डावीकडच्या बाईंनी लिहून घेतलं. उजवीकडच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. तू विचारलंस, "हे एका रुग्णालयातलं उदाहरण आहे. यावरून राष्ट्रीय धोरण कसं ठरवायचं?" आवाज अगदी सभ्य होता. मला तो ओळखीचा आहे. बाबांकडे एखादी गोष्ट मागितली आणि द्यायची नसली की ते याच आवाजात बोलायचे.

मी म्हणाले, आणखी एक उदाहरण देते. आणि दिलं.

सहा वर्षांचा मुलगा, मांडीचं हाड सडलेलं, सात महिने वॉर्डात एकटा. घरी आणला तेव्हा त्यानं आईला ओळखलं नाही. तिला 'बाई' म्हणायचा. बाई, पाणी पिऊ का? बाई, कुशीवर वळू का? अंथरुणात दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ झोपायचा, कुणी तसं सांगितलेलं नसताना. हे मी सगळं बोलले. घड्याळवाल्या गृहस्थांचंही लक्ष लागलं. मी तिथे थांबू शकले असते.

मी म्हणाले, "मुलगा हुशार निघाला. शिकला. काही बिघडलं नाही असं तो म्हणतो. आज तो या मंचावर मधल्या खुर्चीत बसला आहे आणि दुसऱ्या मुलांनी काय मागावं हे ठरवतो आहे."

सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. पत्रकारांच्या रांगेतली एक मुलगी उभीच राहिली. मला वाटलं होतं, तू उठून जाशील, ओरडशील, मला बाहेर काढायला सांगशील. कशाचीही तयारी होती माझी. तू कागद सरळ केलेस आणि म्हणालास, "पुढच्या वक्त्यांना बोलवा."

आणि मग संध्याकाळपर्यंत बसलास. प्रत्येकाचं ऐकलंस, प्रत्येकाला प्रश्न विचारलेस, सगळ्यांचे आभार मानलेस. समोरच्या बाटलीला हात लावला नाहीस. मी मागच्या रांगेतून तेवढंच बघत होते.

बाहेर गाडीकडे जाताना आपण समोरासमोर आलो. तुझा पाय दिवसभर बसून आखडलेला, तू किंचित ओढत होतास. मला म्हणालास, "आपल्या निवेदनाबद्दल आभार, डॉक्टर."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, रुग्णांच्या, नातेवाइकांच्या, वरिष्ठांच्या. एवढी लागलेली एकही नाही. तू ती लागावी म्हणूनच दिलीस, आणि नेम चुकला नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

मला पश्चात्ताप झालेला नाही.


१७ मार्च

दादा,

आई तुझ्याकडे पोचली असा वहिनीचा निरोप आला. तिनं तुला काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मला जे सांगितलं ते लिहिते. तुझी हकिकत एक आणि माझी दुसरी, असं आता पुरे झालं.

सुनावणीची बातमी वर्तमानपत्रात आली. आईनं ती चष्मा लावून, बोट फिरवत वाचली. मग वर्तमानपत्राची घडी घातली आणि मला विचारलं, "तो मला विसरला होता, हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, तूच. शंभर वेळा.

"हो, मीच सांगितलं. घरातल्या घरात सांगायला बरं होतं ते. तू ते माईकवर बोलशील असं मला काय माहीत."

ती खुर्चीत बसली आणि मला उभंच ठेवलं. लहानपणी चूक झाली की ठेवायची तसं. तिचं म्हणणं असं: ती रोज येत होती. मला शेजारच्या काकूंकडे टाकून रोज यायची, भेटीच्या वेळेत आणि वेळ संपल्यावरही, दारातल्या वॉचमनच्या हातापाया पडून. पहिले काही आठवडे तू तिला बघून रडायचास, ती निघाली की जास्त रडायचास. मग एके दिवशी ती आत आली, तू तिला बघितलंस आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस. दुसऱ्या दिवशी तेच. ती तुझ्या पाठीशी बोलत बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं खांद्याला हात लावला तेव्हा तू किंचाळलास, हातपाय झाडलेस, जखमेची पट्टी सुटली, रक्त आलं.

त्यावर मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, तुम्ही आलात की तो बिघडतो. त्याला बरं करायचं असेल तर येत जाऊ नका.

"मी ऐकलं," आई म्हणाली. "शिकलेली माणसं सांगत होती. माझ्यामुळे पोराचं रक्त आलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी नाही गेले. मग तो घरी आला आणि मला बाई म्हणाला. विसरून नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. मला लागावं म्हणून."

मी विचारलं, मग मी तान्ही होते म्हणून येता आलं नाही, हे?

"पोरगा मोठा झाल्यावर विचारायला लागला, तू का येत नव्हतीस. काय सांगू? तूच तोंड फिरवलंस म्हणून सांगू पोराला? तू होतीस घरात. तुझं नाव सांगितलं."

तर हे असं आहे. तुला सांगितलेलं कारण मी नव्हते. मला सांगितलेला विसराळू मुलगा तू नव्हतास. आपण दोघं इतकी वर्षं एकमेकांना पाण्यात बघत आलो ते आईच्या दोन सोयीच्या गोष्टींवर, आणि तिनं त्या सांगितल्या कारण एका वॉर्डानं तिला परत पाठवलं होतं.

हे सगळं बोलून झाल्यावर मी तिला म्हटलं, मला हे आधी कळलं असतं तर मी तसं बोलले नसते. ती म्हणाली, "तुला कळायची गरजच नव्हती. ते माझं आणि त्याचं होतं." आणि कपाटातून बॅग काढली. मी बॅग भरू लागले तर माझा हात बाजूला केला. बसस्टँडवरही बॅग तिनंच धरली, मला हात लावू दिला नाही. खिडकीशी बसल्यावर म्हणाली, "एवढं सगळ्या गावाला कळलं, आता ज्याला कळायला हवं त्याला सांगून येते." बस हलली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. घरात हे तोंड फिरवणं कुणाकडून चालत आलंय ते मला तेव्हा कळलं.

माफी मागत नाहीये. त्या सभागृहात जे सांगणं गरजेचं होतं ते मी सांगितलं. फक्त, सांगितलं ते खरं नव्हतं. एवढी दुरुस्ती.

आईची रक्तदाबाची गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. ती घेतली असं सांगते आणि घेत नाही. समोर उभं राहायचं.


१४ ऑगस्ट

दादा,

तुझ्याकडून उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती. आई अजून तुझ्याकडे आहे. ती आता रविवारी मला फोन करते. गुडघे, हवा, नातू. तुझं नाव काढत नाही, आणि मीही विचारत नाही.

धोरण जाहीर झालं. मला वॉर्डात परत पाठवलंय, तेही मुकाट्यानं, जणू मी रजेवर गेले होते. 'शांतता राखा'नं नवी पाटी लावली: 'पालकांनी सोबत राहावे, शांतता राखावी.' त्या माणसाला कशानंही फरक पडत नाही.

ती मूत्रपिंडवाली मुलगी बरी होऊन घरी गेली. धोरण येण्याआधीच. जाताना तिच्या आईनं मला ओळख दिली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दिली नसती.

तू फोनवर जे जे म्हणाला होतास ते सगळं खरं निघालं, हेही कळवते. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही. संडासाची अवस्था लिहिण्यासारखी नाही. मोबाइल चार्जिंगला लावण्यावरून दोन बाप एकमेकांच्या अंगावर गेले. एका आजीनं सगळ्या वॉर्डाला खोकला दिला. सिस्टर रोज मला ऐकवतात की हे बरं नाही आणि आधीचं वाईट नव्हतं. त्यांना मी तुझ्याकडे पाठवायला हवं. आणि तरी हात बांधायच्या पट्ट्या कपाटात पडून आहेत, कुणी मागितल्या नाहीत.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

कलम मी वाचलं. 'शक्य असेल तेथे' गेलं, 'हक्क असेल' आलं. ते सभागृहाच्या दबावानं झालं, वर्तमानपत्रांनी झालं, माझ्यामुळे झालं, असं लोक म्हणतात आणि मी म्हणू देते. त्याखाली एक पोटकलम आहे. ते तज्ज्ञांच्या गटानं दिलेलं नव्हतं. मी कुठल्याही निवेदनात मागितलेलं नव्हतं. जुनी निवेदनं काढून बघितली, कुणीच मागितलेलं नव्हतं. 'बालक रडते, चिडते, पालकाकडे पाठ फिरवते किंवा ओळख दाखवत नाही, या कारणास्तव पालकास बालकापासून दूर केले जाणार नाही.'

मी ते वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले. तेव्हा अजून खालच्या मजल्यावरच होते, बाहेर रांग लागली होती, तरी बसून राहिले.

गेल्या आठवड्यात एक मुलगा दाखल झाला. चार वर्षांचा, गरम पाण्यानं भाजलेला, पाठीवर आणि दंडावर. पातेलं बापाच्या हातून कलंडलं होतं. आई बाळंतीण, येऊ शकत नव्हती, म्हणून बापच राहिला. मुलगा त्याच्याकडे बघेना. कुशीवर पडून तोंड भिंतीकडे. बापानं हाक मारली की अंग आकसून घ्यायचा, ड्रेसिंगच्या वेळी बाप जवळ आला तर लाथा झाडायचा. वॉर्डातली नवी सिस्टर बापाला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा, तो तुम्हाला बघून बिघडतो." बाप लगेच उठला. त्याला तेच हवं होतं बहुतेक, कुणीतरी शिक्षा सुनावलेली.

मी म्हणाले, "बसा."

तो म्हणाला, "मॅडम, त्याला त्रास होतोय."

"होऊ दे. बसा. तुम्ही उठलात तर त्याला वाटेल, त्याचं खरं ठरलं."

तो बसला. मुलाच्या पाठीशी, हात मांडीवर ठेवून, पुतळ्यासारखा.  तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा मुलाचं तोंड भिंतीकडेच होतं. पण पाय मागे आला होता. उघडा पाय, पांघरुणातून बाहेर काढलेला, आणि टाच बापाच्या मनगटावर टेकवलेली. बाप हलत नव्हता. हात आखडला असणार, घाम आला होता त्याला, पण हलत नव्हता. माझ्याकडे बघून त्यानं डोळ्यांनीच विचारलं, आता काय करू?

मी मान हलवली. काही करू नका.

पुढचं मला बघता आलं नाही, शेजारच्या कॉटवरचं पोर उलटी करत होतं.

हे आभार नाहीत. सभागृहाबाहेर तू मला जे म्हणालास ते मी पोटात ठेवलंय आणि मी आत जे बोलले ते तूही ठेवलं असशील. ते जायचं तेव्हा जाईल, नाहीतर नाही जाणार. पण ते पोटकलम तू लिहिलंस हे मला कळलंय, आणि मला कळलंय हे तुला कळावं, म्हणून लिहिलं.

आईला हे पत्र वाचून दाखव. ती तोंड फिरवून ऐकेल. तरी वाच.